सर्व्हरच्या एकाच नेटवर्क पोर्टवर तीन व्हीलॅन चालवावेत, की चार पोर्टचं वेगळं कार्ड घ्यावं?

कार्ड घेऊ नका.

तुम्ही लिहिलंय की सर्व्हरला दोनच पोर्ट आहेत, ऑफिस, सीसीटीव्ही आणि प्लँट असे तीन व्हीलॅन (म्हणजे एकाच स्विचवर नंबर देऊन वेगळी केलेली नेटवर्कं) त्याच्यापर्यंत न्यायचेत, आणि तुमचे साहेब म्हणतात, "भानगड नको, चार पोर्टचं कार्ड टाका, प्रत्येकाला वेगळी केबल." हाच सल्ला, जवळपास ह्याच शब्दांत, मी एका सहकारी साखर कारखान्यात ऐकलंय. म्हणून लिहायला बसलो.

आधी कामाचं. स्विचवरचा सर्व्हरचा पोर्ट ट्रंक करा, म्हणजे एकाच केबलवरून अनेक व्हीलॅन आपापल्या नंबराच्या टॅगसह जातील असा, आणि लागतात तेवढेच व्हीलॅन त्यावर सोडा. लिनक्स असेल तर मूळ कार्डावर प्रत्येक व्हीलॅनचा उप-इंटरफेस बनवा: ईएनओ१ नावाच्या कार्डावर ईएनओ१.१०, ईएनओ१.२० असे. विंडोजमध्ये कार्डाच्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये 'व्हीलॅन आयडी'ची चौकट दिसते, तिच्या नादी लागू नका, तिच्यात एकच आकडा बसतो. एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारं हायपर-व्ही असेल तर प्रत्येक मशीनच्या अडॅप्टरला त्याच्या व्हीलॅनचा आकडा द्या. त्याच कामाचं ईएसएक्सआय असेल तर पोर्ट ग्रुपला द्या. डिफॉल्ट गेटवे, म्हणजे बाहेरच्या नेटवर्ककडे जायचा रस्ता, एकाच इंटरफेसवर ठेवा.

आता त्या कारखान्याचं.

जानेवारी २०१८, ऐन गळीत हंगाम. त्यांचं नेटवर्कचं काम माझ्याकडे होतं. उसाच्या वजनकाट्याचा इंडिकेटर आरएस-२३२ च्या सीरियल केबलवरून काट्यावरच्या पीसीला वजन देतो आणि पीसी ते सर्व्हरला पाठवतो. मी काटा वेगळ्या व्हीलॅनमध्ये टाकला होता, २० नंबरच्या. ऑफिस १० मध्ये. दोन्ही सर्व्हरपर्यंत एकाच केबलवरून. काटा वेगळा का? माझ्या घरचा ऊस ह्याच पट्ट्यातल्या कारखान्यांना जातो. काटामारीची शंका आमच्याकडे प्रत्येक घरात आहे. वजनाच्या आकड्यापर्यंत ऑफिसातल्या कुठल्याही पीसीवरून पोचता येऊ नये, एवढी एकच गोष्ट मला तिथे मनापासून करायची होती.

त्या रात्री सीसीटीव्हीसाठी ३० नंबरचा व्हीलॅन सर्व्हरपर्यंत न्यायचा होता. मी कोल्हापुरात घरी. व्हीपीएनवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या सुरक्षित जोडणीतून, सर्व्हरवर आणि सर्व्हरवरून स्विचवर, कारण स्विचचं लॉगिन फक्त सर्व्हरच्या आयपीवरून उघडं ठेवलं होतं. सिस्को पद्धतीच्या स्विचवर ट्रंकला व्हीलॅन वाढवताना 'अलाउड व्हीलॅन'च्या पुढे 'अ‍ॅड' लिहावं लागतं. मी नुसतं ३० लिहिलं. 'अ‍ॅड' नसेल तर जुनी यादी पुसून तेवढा ३० उरतो. १० गेला, २० गेला, आणि मी ज्या सर्व्हरवर उभा होतो तोही गेला. स्क्रीन गोठली तेव्हा रात्रीचा सव्वा वाजला होता.

अशा वेळेसाठी सर्व्हरचं रिमोट मॅनेजमेंट असतं, सर्व्हर दुरून हाताळायची वेगळी सोय, आयलो म्हणा, आयड्रॅक म्हणा. ते चालू होतं, पण सर्व्हरच्या त्याच नेटवर्क पोर्टवर, शेअर्ड. कारखान्याने त्याच्या स्वतंत्र पोर्टला केबल ओढू दिली नव्हती. त्यामुळे तेही त्याच केबलबरोबर बंद.

मी कॉन्फिगरेशन सेव्ह केलं नव्हतं. स्विचची पॉवर काढून परत लावली असती तर सगळं पूर्ववत झालं असतं. पण सर्व्हर रूमची किल्ली कॉम्प्युटर विभागाच्या (ईडीपी) मॅनेजर साहेबांकडे, साहेब कॉलनीत झोपलेले, फोन बंद. गाडी काढली. पोचलो तेव्हा तीन वाजायला आले होते. केन यार्डापासून रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, पुढे बैलगाड्या. काट्यावरच्या क्लार्कनं हातानं पावत्या लिहायची तयारी दाखवली होती, पण ड्रायव्हर तयार नाहीत, गाडीवान तर मुळीच नाहीत. त्यांचं बरोबरच होतं. रात्री दोन वाजता हातानं लिहिलेलं वजन माझ्या वडिलांनीही घेतलं नसतं. बैलांच्या खांद्यावर जू तसंच होतं.

साहेबांना वॉचमननं उठवून आणलं. मी स्विचची पॉवर काढली, लावली, चार-पाच मिनिटांत काटा सुरू झाला.

चूक माझी होती. तिथेच, यार्डात उभं राहून सगळ्यांसमोर कबूल केली. पण साहेबांनी सकाळी कार्यकारी संचालकांपुढे जे सांगितलं ते असं: "हे व्हीलॅनचं खूळ काढून टाका. एक केबल गेली की सगळं गेलं. चार पोर्टचं कार्ड मागवतो." खूळ म्हणे! व्हीलॅनच्या टॅगचं ८०२.१क्यू हे मानक १९९८ सालचं आहे. फ्रेममध्ये, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या डेटाच्या पाकिटात, चार बाइटचा टॅग, त्यातले १२ बिट व्हीलॅनच्या नंबराला, म्हणून १ ते ४०९४. इतकी साधी आणि इतकी वापरून जुनी झालेली गोष्ट नेटवर्कमध्ये शोधून सापडणार नाही.

कार्ड आलं. चार केबली लागल्या, चार आयपी रेंज झाल्या, चारही इंटरफेसवर डिफॉल्ट गेटवे. आणि चारही केबली त्याच एका स्विचमध्ये, सगळे पोर्ट व्हीलॅन १ मध्ये, कारण व्हीलॅन हे तर खूळ ठरलेलं! म्हणजे वेगळं काहीच नव्हतं. ऑफिसातल्या कुणीही लॅपटॉपचा आयपी बदलला की तो थेट काट्याच्या नेटवर्कात. दिसायला चार रंगांच्या केबली, आणि साहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला रॅक उघडून दाखवायचे.

पुढच्या महिन्यात सीसीटीव्हीवाल्यानं 'आपली' केबल काढली आणि काटा बंद पडला. कारण लिनक्समध्ये एकाच सेगमेंटवर अनेक कार्डं असली की कुठल्याही आयपीसाठी आलेल्या एआरपीला ('हा आयपी कुठल्या कार्डाचा?' ह्या प्रश्नाला) कुठलंही कार्ड उत्तर देतं, तसं त्याच्या मुळातल्या सेटिंगमध्येच आहे. काट्याच्या पीसीनं सीसीटीव्हीच्या पोर्टाचा मॅक पत्ता (हार्डवेअरचा पत्ता) सर्व्हरचा म्हणून धरून ठेवला होता. हे मी साहेबांना टीसीपीडम्प, म्हणजे नेटवर्कवरून काय जातंय ते दाखवणारा प्रोग्राम, लावून दाखवलं. ते म्हणाले, "केबल लूज असेल." त्या दिवशी मी ते काम सोडलं.

म्हणून तुमच्या साहेबांना एवढंच विचारा: चार केबली कुठल्या स्विचमध्ये जाणार? एकाच स्विचमध्ये जाणार असतील तर नेटवर्क वेगळं करायचं काम स्विचमधला व्हीलॅनच करणार, कार्ड करणार नाही. मग तोच व्हीलॅन टॅग लावून एका केबलवर न्यायला हरकत काय?

आता माझ्या चुकांतून तुम्हाला जे घेता येईल ते. दुरून स्विचवर काम करताना आधी 'रीलोड इन १०' देऊन ठेवा. दहा मिनिटांत तुम्ही स्वतः रद्द केलं नाही तर स्विच आपोआप रीस्टार्ट होतो आणि सेव्ह केलेल्या कॉन्फिगरेशनवर येतो. ही एक ओळ मला त्या रात्री माहीत असती तर मी घरीच बसून असतो आणि बैल दोन तास ताटकळले नसते. रिमोट मॅनेजमेंटला स्वतःचा पोर्ट आणि स्वतःची केबल द्या, त्यात काटकसर नको. आणि व्हीलॅन चालत नाही असं वाटलं तर मूळ कार्डावर टीसीपीडम्प 'ई' पर्याय लावून चालवा, टॅग येतोय की नाही ते दिसतं. उप-इंटरफेसवर चालवाल तर टॅग काढलेलाच दिसेल आणि उगाच स्विचवर शंका घ्याल.

नेटिव्ह व्हीलॅनवर, म्हणजे ट्रंकवरून टॅगशिवाय जाणाऱ्या व्हीलॅनवर, काही ठेवू नका. 'ऑफिसचं चालू आहे, ते बिनटॅगचं राहू दे' असं कुणी ना कुणी म्हणतंच. राहू देऊ नका. सगळं टॅग करा.

कारखान्याच्या साहेबांचं एक म्हणणं बरोबर होतं, ते मी त्या वेळी रागात मानलं नाही. एक केबल गेली की सगळं जातं, हे खरंच आहे. त्याला उपाय तुमच्याकडे असलेल्या दोन पोर्टांचं बाँडिंग, म्हणजे दोन्ही जोडून एकच पोर्ट असल्यासारखे वापरणं. आधी बाँड, त्याच्यावर व्हीलॅन. अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप (एक केबल चालू, दुसरी राखीव) ठेवलंत तर दोन केबली दोन वेगळ्या स्विचमध्ये लावता येतात आणि स्विचवर बाँडसाठी वेगळं काही करावं लागत नाही, फक्त दोन्ही पोर्ट एकसारखे ट्रंक हवेत. एलएसीपी (दोन्ही केबली एकदम चालू) हवं असेल तर स्विचलाही तसं सांगावं लागतं.

कार्ड घ्यायला लागेल अशी जागाही आहे. स्टोरेज आयस्कझीवर, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्कवर, असेल किंवा रात्रीचा बॅकअप एक गिगाबिटची केबल भरून टाकत असेल, तर त्याला वेगळा पोर्ट द्या. चाळीस कॅमेरे प्रत्येकी ४ मेगाबिट धरले तरी १६० होतात, तेवढ्यासाठी गरज नाही.

आणखी एक, हे खरं तर वरच लिहायला हवं होतं. सर्व्हरला तिन्ही व्हीलॅनमध्ये आयपी दिलात की सर्व्हर स्वतःच तिन्हींमधला पूल होतो आणि मधल्या फायरवॉलला कुणी विचारत नाही. पासवर्ड न बदललेला सीसीटीव्हीचा एखादा रेकॉर्डर त्याच्यापर्यंत थेट पोचतो. म्हणून आयपी फॉरवर्डिंग (एका नेटवर्कातलं दुसऱ्यात पुढे पाठवणं) बंद ठेवा, सर्व्हरवरची फायरवॉल चालू ठेवा, आणि जमलं तर मूळ मशीनला आयपी फक्त एकाच व्हीलॅनमध्ये द्या. बाकीचे व्हीलॅन ब्रिजवरून, म्हणजे सर्व्हरच्या आतल्या आभासी स्विचवरून, थेट आतल्या व्हर्च्युअल मशीनला जाऊ द्यात.

तुमचा सर्व्हर विंडोज आहे की लिनक्स ते लिहिलेलं नाही, आणि स्विच कुठला तेही नाही. कळवलंत तर नेमक्या ओळी देतो. तोवर सर्व्हर रूमच्या किल्लीची दुसरी प्रत रात्रपाळीच्या शिफ्ट इनचार्जकडे ठेवा. साहेबांनी कार्ड घेतलंच तरी ती लागणार आहे.