वय पंचवीस की एकोणतीस?

प्रश्न : माझी सून इंग्रज असून नातवासाठी मी दोन्ही घराण्यांची वंशावळ तयार करीत आहे. तिच्या एका पूर्वजाचे वय इंग्लंडच्या 1841 च्या जनगणनेत 25, तर 1851 च्या जनगणनेत 39 आढळते. पत्नीचे व मुलाचे नाव दोन्हीकडे तेच आहे आणि मुलाचे वय अनुक्रमे 3 व 13 आहे. आडनावात मात्र एका अक्षराचा फरक पडतो. ही एकच व्यक्ती समजावी काय?

उत्तर : केवळ वयाच्या तफावतीमुळे हा माणूस बाद करू नये. 1841 मध्ये पंधरा वर्षांवरील व्यक्तीचे वय पाचाच्या पटीत, तेही खाली उतरवून लिहावे, अशी प्रगणकांना सूचना होती. 30 मार्च 1851 रोजी 39 वर्षांचा असलेला माणूस 6 जून 1841 रोजी 29 किंवा फार तर नुकताच 30 वर्षांचा असणार. तो 29 चा असेल, तर नोंद 25 अशीच व्हायची. मुलाचे वय या नियमात बसत नसल्याने तेच अधिक भरवशाचे आहे. आडनावातील अक्षराचे फारसे मनावर घेऊ नये, कारण घरोघरचे मूळ तक्ते नष्ट झाले असून आपण वाचतो ती प्रगणकाने वहीत उतरवलेली नक्कल आहे.

खरी मेख निराळीच आहे. 1841 मध्ये कुटुंबातील नाती लिहिलीच जात नसत. त्यामुळे त्या पानावरील स्त्री ही पत्नी, हा आपला तर्क झाला. ती बहीण किंवा भावजयही असू शकते. 1851 मध्ये नाते आणि जन्माचा पॅरिश (एका चर्चच्या अखत्यारीतील परिसर) दोन्ही सापडतात, तर 1841 मध्ये व्यक्ती त्याच काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात) जन्मली की नाही, एवढेच. या दोन नोंदी परस्परांशी जुळतात का, ते आधी पाहावे.

त्यानंतर मुलाचा जन्मदाखला शोधावा. दोन्ही वयांचा मेळ घातल्यास त्याचा जन्म 7 जून 1837 ते 30 मार्च 1838 या दरम्यानचा ठरतो आणि इंग्लंडमधील नागरी जन्मनोंदणी 1 जुलै 1837 रोजी सुरू झाली, हा आपल्या दृष्टीने चांगलाच योग म्हणायचा. दाखल्यावर वडिलांच्या नावासोबत आईचे माहेरचे आडनावही असते. सुरुवातीच्या वर्षांत अनेक जन्म नोंदवायचे राहून गेले. दाखला न मिळाल्यास त्या पॅरिशच्या चर्चमधील बाप्तिस्म्याची नोंदवही पाहावी.