टेरियर-पूडल मिक्स पिल्लू आणलंयस ना, मग हे वाच

अगं, यॉर्कशायर टेरियर आणि पूडलचं मिक्स म्हणजे पहिलं केसांचं बघ. केस फार गळत नाहीत म्हणून सगळे खुश होतात, पण गळलेला केस आतच अडकतो आणि कानामागे, काखेत, पट्ट्याखाली गुंता होतो, त्यामुळे रोज ब्रश कर, वरवर नाही, पार कातडीपर्यंत. पावसाळ्यात तर आपल्या मुंबईत काहीच सुकत नाही, फिरवून आणलं की पंजे, पोट, कान नीट कोरडे कर नाहीतर इन्फेक्शन होतं. साचलेल्या पाण्यात अजिबात नेऊ नको, उंदरांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो, त्याची लस दरवर्षी द्यायची.

गळ्यात पट्टा नको, हार्नेसच घे, यांची श्वासनलिका नाजूक असते. सोफ्यावरून उड्या पण नको गं, गुडघ्याची वाटी सरकते, माझी पिंकी चालता चालता मागचा पाय उचलून धरायची आणि मला वाटायचं खेळतेय, डॉक्टरकडे न्यायला उशीर झाला त्याचं अजून वाईट वाटतं.

लहान आहे तोवर दिवसातून 3-4 वेळा थोडं थोडं खायला दे, उपाशी राहिलं की रक्तातली साखर पटकन उतरते. दात रोज घास, पेस्ट कुत्र्यांचीच. आणि भुंकणार बरं का, लिफ्टचा आवाज आला तरी, शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेव.