शैक्षणिक संशोधनाचा प्राथमिक आरोग्य केंद्राला खरंच काही उपयोग होतो का?

‘प्रबंध कपाटात धूळ खातात आणि ओपीडीत वर्षानुवर्षं त्याच गोळ्या मिळतात,’ असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय, आणि स्वतःच्या प्रबंधाचं काय करावं हेही विचारलंय. धूळ खाणारे प्रबंध ढिगाने आहेत, मान्य. पण आशाताई बाळाचा सदरा वर करून, एक डोळा घड्याळावर ठेवून, न्यूमोनिया आहे का हे बघायला श्वास मोजतात, ते कुठून आलं असं वाटतं तुम्हाला?

1980 च्या दशकाच्या सुरुवातीला पापुआ न्यू गिनीत फ्रँक शॅन आणि सहकाऱ्यांनी खोकणारी मुलं तपासून एक साधी गोष्ट शोधली: एक्स-रे, स्टेथोस्कोप नसताना अँटिबायोटिक कुणाला द्यायचं? उत्तर निघालं श्वासाच्या वेगात, आणि छाती आत ओढली जात असेल तर दवाखान्यात पाठवण्यात. श्वास वेगवान धरायच्या आजच्या मर्यादा त्याच वाटेने आल्या. दोन महिन्यांखाली मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन ते बारा महिने 50, एक ते पाच वर्षं 40.

मग गडचिरोली. डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांची तिथल्या गावांतली चाचणी 1990 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. औषध गावातले आरोग्यसेवक आणि दाया देत होत्या. पाच वर्षांखालच्या मुलांत न्यूमोनियाचे मृत्यू हजारी 8.1, तुलनेच्या गावांत 17.5. दायांना साठपर्यंत मोजता येत नव्हतं, म्हणून एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधन केलं: दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. याला मी संशोधन म्हणतो. ‘आशाला न्यूमोनिया काय कळणार’ म्हणणारे डॉक्टर अजून भेटतात. त्यांच्यापैकी किती जण ओपीडीत पूर्ण मिनिट मोजतात, ते एकदा बघा.

बिघडतं ते मोजण्यातच. मूल रडत किंवा पीत असेल तर आकडा फुकट. आईच्या मांडीवर शांत होऊ द्यायचं, पोट-छाती उघडी करायची, आत-बाहेर मिळून एक श्वास धरायचा आणि पूर्ण 60 सेकंद मोजायचं. तीस सेकंद मोजून दुप्पट करू नये, कारण नवजात बाळ मध्येच काही सेकंद थांबतं, मग भराभर श्वास घेतं. दोन महिन्यांखालच्या बाळाचा आकडा 60 किंवा वर आला तर पुन्हा मोजायचं. दुसऱ्यांदाही 60 किंवा वर आला तर मोठ्या दवाखान्यात पाठवायचं, गावात थांबवायचं नाही.

तुमच्या प्रबंधाचं म्हणाल, तर ‘ज्ञान, दृष्टिकोन, आचरण’ अशी प्रश्नावली घेऊन गावात फिरू नका. महाराष्ट्रात त्या पुरेशा भरून झाल्यात. दोन-तीन उपकेंद्रांची रजिस्टरं घ्या आणि श्वासाच्या आकड्याचा शेवटचा अंक बघा. सगळे सम असतील तर अर्धाच मिनिट मोजलंय. सगळ्यांना चारने भाग जातो? पंधरा सेकंद. नुसते 30, 40, 50 दिसले तर मोजलेलंच नाही, अंदाज लिहिलाय. मग अर्ध्या उपकेंद्रांना मिनिटाला वाजणारा टायमर द्या आणि पुढच्या तीन महिन्यांत काय फरक पडतो ते तपासा.

हो, एक राहिलं. वेगवान श्वास म्हणजे न्यूमोनियाच असं नाही. दमा, जास्त ताप, रक्ताची कमतरता यांतही वेग वाढतो, आणि विनाकारण अँटिबायोटिक जातं. कराचीतल्या गरीब वस्त्यांतली चाचणी 2020 मध्ये प्रसिद्ध झाली. छाती आत न ओढणाऱ्या, फक्त वेगवान श्वासाच्या मुलांत ॲमॉक्सिसिलिनवर 2.6 टक्के आणि औषध नसलेल्या नुसत्या सिरपवर 4.9 टक्के ठिकाणी उपचार फसले. म्हणजे बहुतेक मुलं औषधाविनाही बरी झाली, तरी औषधाचा फायदा होताच. हे ठरवायलाही शेवटी संशोधनच लागलं. एथिक्स कमिटी (संशोधन नैतिक आहे का ते तपासणारी समिती) आणि तालुका आरोग्य अधिकारी, दोघांची परवानगी रजिस्टरं मागायच्या आधी घ्या.