जॉन केनलन: डोलकाठीवरून न्यूयॉर्कच्या बंबापर्यंत

तुमचा प्रश्न आहे की अमेरिकेतल्या फायर ब्रिगेडमध्ये आयरिश माणसं इतकी का दिसतात, आणि आयर्लंडहून आलेला एखादा साधा माणूस खरोखर वरपर्यंत, म्हणजे चीफच्या खुर्चीपर्यंत, पोचला होता का.

पहिल्या भागाचं उत्तर थोडक्यात देतो. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक सडलं, दुष्काळ पडला आणि दहा लाखांहून जास्त लोक देश सोडून गेले. त्यातले पुष्कळ न्यूयॉर्क, बॉस्टनला उतरले. हातात पैसा नाही, शेतीखेरीज हुन्नर नाही. १८६५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्वयंसेवकांची पथकं मोडून पगारी दल उभं राहिलं. नोकरी धोक्याची, पण पगार ठरलेला, आणि शहराच्या राजकारणात आयरिश लोकांचं वजन वाढत चाललेलं. आधी लागलेल्याने मागून आलेल्याला आत घेतलं. आपल्याकडे गिरणीत गाववाल्याने गाववाल्याला चिकटवावं, तसंच ते.

आता दुसरा भाग. मुंबईत अग्निशमन सेवेत नोकरी केल्यामुळे या विषयावर हाताला लागेल ते मी वाचत आलो आहे. त्यात मला सर्वांत भावलेला माणूस म्हणजे जॉन केनलन. आयर्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या लाउथ परगण्यातला हा मुलगा. पोरवयातच शिडाच्या जहाजावर गेला आणि खलाशी म्हणून त्याने कितीतरी वर्षं काढली. १८८७ मध्ये तो न्यूयॉर्कच्या दलात भरती झाला. त्या काळी फायरमन जवळजवळ चोवीस तास ठाण्यातच राहायचा, जेवायला आणि अधूनमधून सुट्टीला तेवढा घरी. ज्याने महिनोन् महिने जहाजावर काढले त्याला हे जड गेलं नसावं. दोर, गाठ, उंची, पाणी, पंप यांची सवय त्याला होतीच, आणि वाऱ्याचा अंदाजही. आगीवर काम केलेला कुणीही सांगेल, वारा कुठून येतोय हे आधी बघतात.

पायरी पायरीने वर चढत तो १९११ मध्ये चीफ झाला. त्याच वर्षी २५ मार्चला ट्रँगल कारखान्याची आग झाली होती. दहा मजली इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांवर शिवणकामाचा कारखाना, दलाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोचणारी. १४६ माणसं गेली, बहुतेक तरुण मुली, त्यातही इटालियन कुटुंबांतल्या आणि पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांतल्या. आधीचा चीफ एडवर्ड क्रोकर त्यानंतर लवकरच नोकरी सोडून आग लागूच नये म्हणून काय करावं याच्या कामाला लागला. केनलनच्या पदरी आलं ते हे दुखावलेलं शहर.

आणि पाच-सहा महिन्यांत त्याची परीक्षा लागली. ९ जानेवारी १९१२, पहाटेची वेळ, कडाक्याची थंडी आणि घोंघावणारा वारा. ब्रॉडवेवरच्या इक्विटेबल विमा कंपनीच्या इमारतीत तळघरात आग लागली. १८७० ची ही इमारत. ऑफिसच्या इमारतीत प्रवासी लिफ्ट पहिल्यांदा बसली ती इथे, असं मानतात. त्या लिफ्टच्याच पोकळ्यांमधून आग वर धावली. फायरमन पाणी मारत होते आणि ते पाणी भिंतींवर, शिड्यांवर, त्यांच्या कोटांवर गोठत होतं. केनलनने त्या सकाळी ईस्ट नदीपलीकडच्या ब्रुकलिनच्या तुकड्या मॅनहॅटनमध्ये मागवल्या. दोन्ही भाग १८९८ मध्येच एका शहरात आले होते, पण अशी हाक याआधी कुणी दिली नव्हती. आपल्या भागातली आग आपणच विझवायची, हा मान बाजूला ठेवायला नव्या चीफला किती धीर लागला असेल याचा मी पुष्कळदा विचार करतो.

आत मजले कोसळले आणि बटालियन चीफ विल्यम वॉल्श त्यात गेला. एकूण सहा जण दगावले.

त्याच आगीत तळघरातल्या तिजोऱ्यांच्या कंपनीचा अध्यक्ष विल्यम गिब्लिन खिडकीच्या लोखंडी गजांमागे अडकला होता. बाहेर रस्ता दिसतोय, लोक दिसताहेत, आणि मध्ये गज. सेनेका लार्क नावाचा फायरमन तिथे आडवा पडला आणि हाताने करवत चालवत राहिला. वरून बर्फाळ पाणी पडतंय, ढिगारा येतोय. तासाहून जास्त वेळ लागला, पण गिब्लिन जिवंत बाहेर आला.

लार्कच्या धैर्याबद्दल सगळे लिहितात, लिहायलाच हवं. पण चीफने या प्रसंगाकडे दुसऱ्याही नजरेने बघायचं असतं: लोखंड कापायला माझ्या माणसाकडे हातकरवतीशिवाय काही का नव्हतं? १९१५ च्या जानेवारीत भुयारी रेल्वेत केबल जळून बोगदा धुराने भरला, शेकडो प्रवासी गुदमरले आणि धुरात शिरायला फायरमनकडे साधन नव्हतं. त्यानंतर दोनच महिन्यांत केनलनच्या कारकिर्दीत 'रेस्क्यू १' ही तुकडी उभी राहिली. निवडक माणसं, धुरात श्वास घेता येईल अशी शिरस्त्राणं, लोखंड कापणारी गॅसची ज्योत, दोर लांब फेकणारी तोफ. ही दोराची तोफ मुळात समुद्रावरची, फुटलेल्या जहाजाकडे दोर पोचवायची. तो खलाशी होता हे इथे मला आठवल्याशिवाय राहत नाही. एका पहाटेची ती करवत आणि तीन वर्षांनंतरची ही ज्योत यांच्यात मला तरी सरळ धागा दिसतो.

तुकडीचा पहिला कॅप्टन जॉन मॅकएलिगॉट. तोही पुढे चीफ झाला. नंतर अशा तुकड्या शहराच्या इतर भागांतही निघाल्या.

बाकी कारकीर्द मोठी आहे, सगळी सांगत नाही. घोड्यांचे बंब जाऊन मोटारीचे बंब आले ते मुख्यतः त्याच्याच काळात. २० डिसेंबर १९२२ ला ब्रुकलिनमध्ये घोड्यांची शेवटची धाव झाली. तो १९३१ पर्यंत चीफ होता, म्हणजे वीस वर्षं. आग विझवण्याच्या इतिहासावर आणि तंत्रावर त्याने १९१३ मध्ये एक पुस्तक लिहिलं आणि दहा वर्षांनी आपल्या खलाशी दिवसांवर दुसरं. दोन्ही इंग्रजीत आहेत. तुम्हाला आयर्लंड आणि समुद्राचा भाग जास्त हवा असेल तर दुसरं आधी शोधा, आगीचा भाग हवा असेल तर पहिलं. फायर ब्रिगेडमध्ये भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना मी पहिलंच सुचवतो.