ॲन बोलिनपासून सुरुवात करताय? मग आधी एवढं बघा

इंग्लंडच्या जुन्या राण्यांचा अभ्यास सुरू करताना एकदम चार राण्या हाती घेऊ नका. ॲन बोलिन, म्हणजे राजा आठव्या हेन्रीची दुसरी राणी, निवडलीत हे उत्तम केलंत, तिच्यावर साधनं भरपूर आहेत.

प्रत्येक उताऱ्याशेजारी लिहा: कोणी लिहिलं, कधी, कोणाच्या बाजूने. तिला सहा बोटं होती, ही गोष्ट निकोलस सँडरची. ॲनचा शिरच्छेद १९ मे १५३६ चा, त्याचं पुस्तक छापलं १५८५ साली. वर तो ॲनची लेक राणी एलिझाबेथ हिचा कट्टर विरोधक. सम्राट पाचव्या चार्ल्सचा राजदूत शापुई समकालीन खरा, पण हेन्रीची पहिली राणी कॅथरीन हिचा पक्षपाती. ॲनला तो सरळ ‘रखेल’ म्हणतो.

लंडनच्या टॉवर किल्ल्याचा अधिकारी किंग्स्टनने राजाचा मंत्री क्रॉमवेल याला लिहिलेली पत्रं मात्र आवर्जून वाचा. तिथे कैदेत ॲन रडता रडता एकदम हसू लागायची, हे त्यातच सापडतं. १७३१ च्या आगीत ती पत्रं जागोजागी जळाली, तेव्हा गाळलेले शब्द कोणी भरलेत तेही तपासा.

नवखे हमखास फसतात ते चित्रांना. तिची प्रसिद्ध तैलचित्रं मृत्यूनंतरची आहेत.

नंतरच्या चित्रणासाठी वेगळी वही करा. १५५८ मध्ये लेक गादीवर आली आणि बदनाम ॲन प्रॉटेस्टंट लेखकांची आदर्श राणी झाली! हा पालट शोधताना फार मजा येईल तुम्हाला. जन्मसाल १५०१ की १५०७, या वादात सध्या शिरू नका.