मोगरा पानांवर गेला, शेवंती उजेडात जागली

जुन्या अंगणातल्या फुलांबद्दल या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : चौदा इंची कुंडीतला मोगरा चार वर्षांचा आहे. पानं गर्द हिरवी, पण उन्हाळाभरात फुलं जेमतेम आठ-दहा. दर महिन्याला चमचाभर युरिया घालते. छाटणी कधी केली नाही, जीव होत नाही. (ठाणे)

युरिया आधी बंद करा. जास्त नत्र मिळालं की मोगरा पानांवर जातो. कळी येते ती नव्या फुटीच्या टोकाला, आणि जुन्या झाडाला जोमदार नवी फूट हवी तर कात्री लावावीच लागते.

नोव्हेंबर संपता संपता पाणी कमी करत न्या आणि मग दहा-बारा दिवस झाड ताणावर सोडा, म्हणजे पाणी पूर्ण बंद. पानं मलूल होऊन पिवळी पडतील, ती पडू द्या. फांद्यांचे शेंडे काळे पडायला लागले, तरच थोडं पाणी द्या. डिसेंबरअखेरीस सगळ्या फांद्या मातीपासून 25 ते 30 सेंटिमीटरवर छाटा. वाळक्या आणि काडीसारख्या बारीक फांद्या बुडापासून काढा. उरलेली पानं ओरबाडू नका, एकेक खुडा. ओरबाडताना डोळा निघून येतो आणि फूट तिथूनच यायची असते.

मग वरची 5 सेंटिमीटर माती काढून तिच्या जागी अर्धा किलो मुरलेलं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड आणि दोन चमचे हाडांचा चुरा घाला, भरपूर पाणी द्या. दोन-तीन आठवड्यांत फूट दिसते, मार्चच्या आसपास कळ्या. ऊन रोज किमान पाच तास हवं. ते नसेल तर छाटणीचाही उपयोग नाही, कुंडीची जागाच बदला. एक बहर ओसरला की फुललेल्या फांद्यांची टोकं दोन पेरं खाली खुडा, पुढचा बहर लवकर येतो.

कळ्या जांभळट होऊन जाळ्यात गुरफटल्या, तर आत अळी आहे. त्या कळ्या खुडून नष्ट करा आणि लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल व दोन थेंब साबण मिसळून संध्याकाळी फवारा. पानं पिवळी पण शिरा हिरव्या, असं दिसलं तर बोअरच्या जड पाण्यामुळे लोह मिळत नाही असं समजा. लिटरला 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा.

प्रश्न : गच्चीवरची शेवंती डिसेंबर आला तरी नुसती वाढते. त्याच काश्यांपासून (बुडाशी फुटणाऱ्या रोपांपासून) केलेली शेजाऱ्यांची झाडं दिवाळीत फुलली. (नाशिक)

गच्चीवर रात्रभर दिवा असतो का, किंवा रस्त्यावरच्या दिव्याचा झोत कुंड्यांवर येतो का, ते पाहा. बहुतेकदा कारण तिथेच सापडतं. रात्र मोठी होऊ लागली की शेवंती कळी धरते. रात्री उजेड पडत राहिला तर झाडाच्या हिशेबी उन्हाळाच चालू असतो. कुंड्या अंधाऱ्या कोपऱ्यात हलवा. ते जमत नसेल तर संध्याकाळी सहा ते सकाळी सात जाड काळं कापड टाका, पण काठ्यांवर, पानांना टेकू न देता. कळीवर रंग दिसेपर्यंत एकही रात्र चुकवू नका.

दुसरी शक्यता उशिरा खुडलेल्या शेंड्यांची. झाड 15 सेंटिमीटरचं झाल्यावर एकदा आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा एकदा शेंडा खुडावा. ऑगस्टनंतर मात्र हात लावू नये, धरलेली कळीच जाते.

प्रश्न : गौरीला घरचाच तेरडा हवा. कधी पेरू? (रत्नागिरी)

गौरी आवाहनाच्या तारखेपासून आठ आठवडे मागे मोजा. भाद्रपदाच्या आधी अधिकमास आला तर गौरी सप्टेंबरात जातात, आणि जूनच्या सुरुवातीला पेरलेला तेरडा तोवर बोंडांवर येतो. खात्रीसाठी पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा पेरा. वाफा बोटभर उंच ठेवा, कोकणच्या पावसात पाणी साचलं की देठ बुडाशी कुजतो.

प्रश्न : अबोलीची रोपं एकामागून एक सुकतात. उपटलं तर मुळांना गाठी. त्याच वाफ्यात पुन्हा लावली तरी तेच. (सांगली)

गाठी सूत्रकृमींच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या मातीतल्या सूक्ष्म कृमींच्या आहेत. वरून कितीही पाणी-खत द्या, ते झाडापर्यंत पोचत नाही. त्या वाफ्यात अबोली लावणं थांबवा आणि एक हंगाम झेंडू दाट लावा. एप्रिल-मेमध्ये माती ओलवून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक ताणा आणि कडा मातीने बंद करून सहा आठवडे तापू द्या. नव्या लागवडीच्या वेळी प्रत्येक खड्ड्यात 100 ग्रॅम निंबोळी पेंड घाला. जुन्या वाफ्यातली मुळं असलेली रोपं मात्र नव्या जागी नेऊ नका, रोग त्यांच्याबरोबर जातो. निरोगी शेंड्यांचे 8 ते 10 सेंटिमीटरचे छाट वाळू आणि गांडूळखताच्या मिश्रणात सावलीत लावा, तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. 'दिल्ली' अबोलीला बी धरत नाही, तिची लागवड छाटांवरच होते.

प्रश्न : निशिगंध पहिल्या वर्षी छान फुलला, आता नुसतं गवत. (पुणे)

निशिगंधाचा एक कंद एकदाच फुलतो. नंतर त्याच्या भोवती पिल्लं होतात, गर्दी होते आणि कुणालाच पोसायला जागा उरत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत पानं पिवळी पडली की पाणी तोडा, कंद काढून सावलीत महिनाभर सुकवा. अडीच सेंटिमीटर जाडीचे कंद निवडून मार्च-एप्रिलमध्ये भर उन्हात, 5 सेंटिमीटर खोल आणि वीतभर अंतरावर लावा. बारीक कंद वेगळ्या कुंडीत वाढवा, त्यांना फुलायला आणखी एक वर्ष द्यावं लागतं. नवे विकत घ्यायचे असतील तर एकेरी, म्हणजे पाकळ्यांचा एकच थर असलेल्या फुलांचे घ्या. दुहेरीच्या फुलांना वास कमी, आणि दांड्यावरच्या सगळ्या कळ्या उमलतीलच असं नाही.