पगारावर डिझायनर ठेवावा की मासिक डिझाइन सेवा घ्यावी?

आपण लिहिले आहे की आपला मसाले, चटण्या आणि चिवड्याचा व्यवसाय आहे, २२ माणसे कामाला आहेत, ९ उत्पादने वर्षभरात १५ वर न्यायची आहेत आणि डिझाइनसाठी दोन पर्याय समोर आहेत: दरमहा ६०,००० रुपयांत ‘अमर्याद’ कामे करून देणारी मासिक सेवा, किंवा ४०,००० रुपये पगारावर पूर्णवेळ डिझायनर. मी सांगलीजवळ याच प्रकारचा व्यवसाय गेली १४ वर्षे चालवतो आणि दोन्ही मार्ग वापरून पाहिले आहेत. आपण डिझायनर ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ४०,००० हा आकडा ६०,००० पेक्षा लहान दिसतो म्हणून हा निर्णय घेऊ नका.

२० किंवा अधिक कर्मचारी असल्यामुळे आपल्याला भविष्य निर्वाह निधीत मालकाचा वाटा बहुधा भरावा लागतो. त्यात संगणक, सॉफ्टवेअरचे परवाने, रजा आणि योग्य माणूस मिळेपर्यंत जाणारे महिने धरले, तर ४०,००० चा पगार आमच्याकडे प्रत्यक्षात ५२,००० च्या आसपास पडतो. सेवेच्या बाजूने १८ टक्के जीएसटी धरून ६०,००० चे ७०,८०० होतात. आपण नियमित नोंदणीकृत असाल तर त्या कराचे क्रेडिट मिळते, म्हणजे तो आपल्या भरायच्या जीएसटीतून वजा होतो. कंपोझिशन योजनेत (लहान व्यवसायांसाठीची, उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याची सोय) असाल तर मिळत नाही. म्हणजे क्रेडिट मिळत असेल, तर खरा फरक महिन्याला सात-आठ हजारांचा राहतो आणि तेवढ्यासाठी कोणताच पर्याय निवडण्यात किंवा नाकारण्यात अर्थ नाही.

‘अमर्याद’ या शब्दाकडे मात्र बारकाईने पाहा. ही पद्धत अमेरिकेतून आली (डिझाइन पिकल ही तिथली कंपनी २०१५ साली सुरू झाली), आणि त्यानंतर आलेल्या बहुतेक सेवांचा गाभा असा असतो की आपण कितीही कामे पाठवू शकता, पण ती रांगेत लागतात आणि एका वेळी एकच काम हाती घेतले जाते. समजा, प्रत्येक फेरीला दोन दिवस लागतात. महिन्यात कामाचे २२ दिवस धरले तर ११ फेऱ्या होतात. पाकिटाचे लेबल पहिल्याच फेरीत मंजूर झाल्याचे मला आठवत नाही. पहिला मसुदा, दुरुस्ती आणि छापखान्याने सुचवलेला बदल अशा तीन फेऱ्या होतातच. म्हणजे अमर्याद कामांतून महिन्याला तीन-चार लेबले पूर्ण होतात. त्यासाठी प्रत्येक वेळी नेमके काय हवे ते लिहून काढण्याचे काम आपल्याच कार्यालयातील कुणाला तरी करावे लागते, आणि लहान व्यवसायात ते बहुधा मालकच करतो.

आपल्या धंद्यात कामे एकेक करून येत नाहीत, हे आपल्याला माहीत आहेच. ३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे नवे दर जाहीर झाले आणि ते २२ सप्टेंबरला लागू झाले. नमकीनवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. त्या १९ दिवसांत आम्हाला नव्या किमतींची स्टिकरे, वितरकांचे दरपत्रक आणि ऑनलाइन विक्रीसाठीची चित्रे असे सगळे एकदम हवे होते. आमची डिझायनर दोन दिवस छापखान्यातच बसली आणि काम वेळेत हातावेगळे झाले. एका वेळी एक काम घेणाऱ्या रांगेत ते बसले नसते.

आता भाषेविषयी, कारण या गोष्टीने माझे मत कायमचे बदलले. २०२१ साली आम्ही सात महिने एक मासिक सेवा घेतली होती. हिरव्या मिरचीच्या ठेच्याचे लेबल तिच्याकडून सुंदर होऊन आले, आम्ही फोनवर घाईत पाहून मंजुरी दिली आणि ८,००० स्टिकरे छापून आली. पॅकिंगमधल्या एका बाईंनी पहिले बंडल सोडले आणि स्टिकर माझ्यासमोर धरून विचारले, “दादा, हे हरिवी मरिची काय आहे?” देवनागरीसाठी इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांचा कंपोझर (अक्षरे जुळवणारी सोय) निवडावा लागतो, तो निवडला नाही तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न लागता पुढे सरकते आणि जोडाक्षरे सुटी होतात. करणाऱ्याला देवनागरी वाचता येत नव्हती, त्यामुळे त्याला चूक दिसणे शक्यच नव्हते, आणि आमच्याकडे तपासण्याची नेमकी जबाबदारी कुणावरच नव्हती. सगळी स्टिकरे टाकून द्यावी लागली. ज्याच्या पाकिटावर मराठी आहे, त्याने मराठी न वाचणाऱ्या हातात लेबल देऊ नये, असे मला तेव्हापासून अगदी मनापासून वाटते. ग्राहक पाकीट हातात घेतो तेव्हा आपल्या घरातले नाव त्यावर नीट लिहिलेले असणे, एवढा मान आपण त्याला दिला पाहिजे.

लेबलावर केवळ चित्र नसते. हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी परवाना क्रमांक, निव्वळ वजन, पोषणमूल्यांचा तक्ता, शिवाय वजनमापे कायद्याखालील २०११ च्या नियमांप्रमाणे अक्षरांची किमान उंची, हे सगळे एकाच माणसाच्या डोक्यात राहिले तर दर वेळी नव्याने शिकवावे लागत नाही. पाऊच रोटोग्रॅव्हरवर (कोरलेल्या सिलिंडरने छापण्याच्या पद्धतीने) छापत असाल तर प्रत्येक रंगाचे वेगळे सिलिंडर कोरावे लागते, म्हणून तिथली चूक स्टिकरपेक्षा कितीतरी महाग पडते.

फाइली आणि हक्क यांबाबत दोन्ही पर्यायांत सावध राहा. छापखाना ‘कर्व्ह करून’, म्हणजे अक्षरांचे नुसत्या आकारांत रूपांतर करून, फाइल मागतो. ती छपाईला ठीक, पण तिच्यातला मजकूर पुढे बदलता येत नाही, म्हणून कर्व्ह न केलेली मूळ ओपन फाइल आणि वापरलेल्या फाँटची नावे प्रत्येक कामासोबत घ्या. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार नोकरीत असताना कर्मचाऱ्याने केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा म्हणजे आपण असता. बाहेरून करून घेतलेल्या लेबलाचे सर्वसाधारणपणे तसे नसते. तिथे सहीनिशी लेखी हस्तांतरण लागते, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ते पाचच वर्षांचे, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतेच धरले जाते. आपल्याला दुबईला माल पाठवायचा आहे असे आपण लिहिले आहे, तेव्हा हे कलम करारात वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

मासिक सेवा वाईट असते असे मी म्हणणार नाही. माझ्या भावाची पुण्यात सॉफ्टवेअर कंपनी आहे. तिला इंग्रजी जाहिराती, संकेतस्थळाची पाने आणि सादरीकरणे लागतात, प्रत्येक काम सुटे असते, छापखाना कुठे येत नाही. त्याला ती सेवा उत्तम लागू पडली आहे. आपणही मागच्या तीन महिन्यांतली डिझाइनची सगळी कामे एका वहीत उतरवून काढा आणि त्यांतली किती सुटी होती, किती आधीच्या कामावर अवलंबून होती, ते पाहा. बहुतेक कामे सुटी निघाली, तर माझे मत बाजूला ठेवा. डिझायनर मिळेपर्यंतच्या काळात दोन महिने सेवा घेणेही योग्य, कारण ती बहुधा महिन्याच्या बोलीवर बंद करता येते. तेवढ्यात सोशल मीडियाचा साचा तिच्याकडून बसवून घ्या.

डिझायनर निवडताना आधीच्या कामांची सुंदर चित्रे पाहून ठरवू नका. आपल्याच एका चटणीचा संपूर्ण मराठी-इंग्रजी मजकूर आणि पाकिटाची डाय-लाइन (पाकीट कुठे कापायचे-दुमडायचे ते दाखवणारा आराखडा) द्या, तीन दिवस द्या आणि त्या कामाचे पैसेही द्या. जो उमेदवार काम सुरू करण्यापूर्वी आपल्या छापखान्याचा नंबर मागेल, त्याला घ्या.